राजीनाम्यापूर्वींचीं वर्षें

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ चाकरी, हा जुना दंडक आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु मुलीसाठीं स्थळ पाहण्याची वेळ आली कीं हा क्रम नेमका उलटा होतो, हेंही सर्वांस ठाऊक आहे. चाकरीची निंदा करावी आणि संसार मात्र चाकरीवरच उभारावा, ही आपल्या पांढरपेशा वर्गाची रीत इंग्रजी विद्येइतकी जुनी आहे. म्हणून घरांतला कर्ता मुलगा 'बांधलेला पगार सोडून स्वतःचें कांहीं काढतों' असें म्हणाला म्हणजे घरांत लागलीच दोन तट पडतात. एक तट त्याला अविचारी ठरवितो आणि दुसरा वीर. आमच्या मतें दोन्ही तटांचें लक्ष राजीनाम्याच्या दिवसावर खिळलेलें असतें, आणि वाद तेथेंच फसतो. त्या दिवसाच्या आधींचीं वर्षें पाहिलीं पाहिजेत. आपल्याच इतिहासांत त्याचे दाखले आहेत.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७९ सालीं सरकारी शाळेंतील नोकरी सोडली. आपल्याकडे याहून गाजलेला राजीनामा क्वचितच सांपडेल. त्याची गोष्ट बहुधा अशी सांगतात, कीं मानी शिक्षकाची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली, ती त्याला रुचली नाहीं, आणि त्यानें दास्याची बेडी तोडून टाकली. यांत खोटें कांहीं नाहीं. मात्र यांत पांच वर्षें गाळलीं जातात. निबंधमालेचा पहिला अंक १८७४ च्या जानेवारींत निघाला. त्यापूर्वीं वडील कृष्णशास्त्री यांच्या शालापत्रकांत त्यांनीं आपली लेखणी घांसून घेतली होती. १८७८ सालीं काव्येतिहाससंग्रह सुरू झाला, त्यांतही त्यांचा हात होता. हीं सारीं कामें शाळेचे तास सांभाळून चाललीं होतीं. म्हणून नोकरी सोडली त्या दिवशीं शास्त्रीबोवा रिकाम्या हातांनीं बाहेर पडले नाहींत. त्यांचा वाचक तयार होता, भाषा तयार होती, आणि कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले टिळक-आगरकर यांच्यासारखे तरुण त्यांच्याभोंवतीं गोळा होण्यास उत्सुक होते. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. पुढच्या जानेवारींत केसरी व मराठा हीं पत्रें निघालीं. दीड-दोन वर्षांत एवढा व्याप उभा राहिला, कारण त्याचा पाया आधींच घातलेला होता.

मग नोकरींत राहूनच हें कां साधलें नाहीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर निबंधमालेच्या शेवटच्या निबंधांत आहे. 'आमच्या देशाची स्थिति' हा तो निबंध पुढें सरकारनें जप्त केला आणि ती बंदी १९३७ सालीं उठली. ज्याला महिनाअखेर सरकारी तिजोरींतून पगार घ्यावयाचा आहे त्यानें असा निबंध लिहिणें शक्य नव्हतें. काम नोकरीच्या कुंपणाबाहेर वाढलें होतें, म्हणून कुंपण सोडावें लागलें. १७ मार्च १८८२ रोजीं, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, शास्त्रीबोवा वारले. पेन्शन पदरांत पडेपर्यंत थांबण्याचा व्यवहारी सल्ला त्यांनीं मानला असता, तर महाराष्ट्राला काय मिळालें असतें याचा हिशेब वाचकांनींच करावा.

त्याच १८७९ सालांत दुसरा एक सरकारी नोकर आपल्या बदलीचा विचार करीत असला पाहिजे. माधवराव रानडे हे १८७१ पासून पुण्यास सबजज्ज होते. १८७८ त त्यांना नाशिकास पाठविलें, आणि पुढच्या वर्षीं, वासुदेव बळवंतांच्या बंडाची धामधूम चालू असतां, धुळ्यास. सरकारची दृष्टि वक्र आहे हें उघड दिसत होतें. तरी रानड्यांनीं नोकरी सोडली नाहीं. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांतील लेखन, १८८७ पासूनची सामाजिक परिषद, १८९० ची पुण्याची औद्योगिक परिषद, १९०० सालीं प्रसिद्ध झालेला मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ, ही त्यांची कामगिरी न्यायासनावर बसूनच झाली. १८९३ त ते हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. त्यांच्या नेमस्तपणास नांवें ठेवणारे त्या काळींही होते. परंतु त्यांचें काम संथपणें संस्था उभारण्याचें होतें, आणि तें नोकरीच्या चौकटींत मावत होतें. तेव्हां चिपळूणकर शूर आणि रानडे भित्रे, असा निवाडा करणारानें दोघांच्या कामांतला भेद पाहिलेला नाहीं. बदली दोघांचीही झाली. बदलीच्या रागानें निर्णय होत असता तर दोघांनींही सारखाच केला असता.

स्वतंत्र कामांत धनी नसतो, हीही एक भाबडी समजूत आहे. न्यू इंग्लिश स्कूलमधूनच १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या आजीव सभासदांनीं महिना पंचाहत्तर रुपयांवर आपलें आयुष्य वाहिलें. पुढें बाहेरच्या मिळकतीचा प्रश्न निघाला. ती घ्यावी कीं सर्व वेळ संस्थेस द्यावा, यावर मतें विकोपास गेलीं, आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनीं सभासदत्वाचा राजीनामा दिला. ज्यांनीं सरकारी चाकरी नाकारली त्यांना स्वतः उभारलेल्या संस्थेच्या नियमांनीं बांधलें. तेथें तर तक्रार करावयास वरिष्ठही नव्हता.

तिसरा दाखला धुंडिराज गोविंद फाळके यांचा. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेंत त्यांनीं पुराणवस्तु-संशोधन खात्याची नोकरी सोडली आणि छपाईचा धंदा काढला. भागीदारांशीं बिनसलें आणि तोही सुटला. पुढें येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट त्यांच्या पाहण्यांत आला आणि मनानें नवा ध्यास घेतला. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट मे १९१३ मध्यें मुंबईस लागला. हा इतिहास सर्वांस पाठ आहे. मात्र त्याची किंमत कोणीं भरली हें आपण हलक्या आवाजांत सांगतों. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि सरस्वतीबाईच साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून रात्रीं फिल्मला भोंकें पाडीत बसत. राजीनाम्यावर सही एकाची होती. पगार मात्र साऱ्या घराचा गेला. १९१८ सालीं हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. तेथेंही खटके उडाले, फाळके बाहेर पडले आणि कांहीं काळानें त्याच कंपनींत पगारावर परत आले. १९४४ सालीं नाशिकास ते वारले तेव्हां ते जवळजवळ विस्मृतींत गेले होते. त्यांचें यश खरें आहे. त्या घरानें काढलेले दिवसही तितकेच खरे आहेत.

आतां काळ पालटला. सरकारी कचेरीच्या शेजारीं मोठमोठ्या कंपन्या आल्या, पगारांचे आंकडे फुगले. तरी ओळखीच्या घरांतून आमच्याकडे विचारणा येते ती तीच. आलेला तरुण बहुधा आपल्या साहेबाचे दोष सांगूं लागतो. ते सर्व खरे असतील. पण वरिष्ठाचा जाच हें नोकरी बदलण्याचें कारण होय, नोकरी सोडण्याचें नव्हे. आम्ही त्याला विचारतों कीं गेल्या दोन-तीन वर्षांत रात्रीं आणि सुटीच्या दिवशीं तूं काय केलेंस? कोणी तें विकत घेतलें काय, कोणी वाचलें काय, कोणी पुन्हा मागितलें काय? त्या कामाला नोकरी खरोखरच आड येते काय? आणि हें सगळें घरच्या माणसांशीं, विशेषतः जिच्या दागिन्यांवर पुढें पाळी येईल तिच्याशीं, बोलला आहेस काय?

या प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत त्याला आईबापांनीं अडवूं नये. उशीर झाला तर त्याचें काम नासेल. ज्याच्यापाशीं तीं नाहींत त्यालाही वेडा म्हणूं नये. त्याला एवढेंच सांगावें कीं, बाबा, पगार चालू आहे तोंवर पहिला अंक काढ.