दिल्लीच्या वेशीवरचा मुक्काम

परमुलखी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला दिल्ली टळत नाही. नेमणूक चंदिगडला असो की शिलाँगला, घरी जाण्याची वाट बहुधा दिल्लीवरूनच जाते, आणि मग कधी ना कधी तेथे अकल्पित रात्र काढावी लागते. अशा रात्री शहरात जाण्यात अर्थ नसतो. पहाटे परत विमानतळ गाठायचा असतो. म्हणून प्रवासी विमानतळाच्या आसपासच कोठे तरी पाठ टेकतो. दिल्ली त्याने पाहिली असे म्हणवत नाही, आणि पाहिली नाही असेही म्हणवत नाही. वेशीवरच्या या मुक्कामाला मोठा जुना इतिहास आहे, हे आम्हांस एका उपाशी रात्रीने शिकविले.

पौष महिना होता. मातोश्रींना पुण्यास पोचविण्यासाठी आम्ही चंदिगडहून दिल्लीस आलो होतो. धुके असे पडले होते की समोरच्या मोटारीचे दिवेही दिसेनात. संध्याकाळी विमान रद्द झाल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळाली. कारकुनाच्या खिशाला एरोसिटीतील काचेचे महाल परवडणारे नव्हते, म्हणून हमरस्त्याच्या पलीकडे महिपालपुरात एका हॉटेलात खोली घेतली. दारावरच्या पाटीवर विमानतळाचे नाव ठळक अक्षरांत होते. विमानतळ तेथून चांगला कोसभर दूर होता. त्या दिवशी संकष्टी. आईने दिवसभर चहाखेरीज काही घेतले नव्हते. दिनदर्शिकेतील चंद्रोदयाची वेळ उलटून गेली, तरी चंद्र कोठला दिसणार! शेवटी तिने खिडकीशी उभे राहून पूर्वेच्या धुक्यालाच नमस्कार केला आणि ती म्हणाली, "आता मला दोन घास मिळाले तर बघ रे बाबा." आम्ही खाली गेलो. स्वयंपाकघर दहालाच बंद झाले होते. गल्ल्यावरच्या तरुणाने उद्या सकाळी साताला न्याहारी मिळेल, असे अगदी अदबीने सांगितले.

विमानतळाजवळची हॉटेले निजण्यासाठी असतात, जेवण्यासाठी नव्हे, ही गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. पुढे वाचनात आले की ही तक्रारही नवी नाही. जुन्या सरायांचा नियम साधारण असाच होता: भिंत, दार, विहीर आणि ओसरी सरायीची, शिधा प्रवाशाचा, आणि चूल भटियारिणीची. प्रवाशाने पीठ-डाळ तिच्या हवाली करावी, चार दाम द्यावेत आणि भाकरी होईपर्यंत घोड्याला खरारा करावा. ज्याच्याजवळ शिधा नाही त्याची रात्र भटियारिणीच्या मर्जीवर. आमच्याजवळ आईच्या तिळगुळाच्या लाडवांचा एक डबा होता. पण तो नातवंडांसाठी होता आणि त्याला हात लावायची आम्हांस मुभा नव्हती.

राज्यकर्त्यांनी या बाबतीत उदारपणा दाखविला नाही असे नाही. फिरोजशहा तुघलक (राज्यकाल १३५१ ते १३८८) याने दिल्ली आणि फिरोजाबाद येथे १२० खानकाह बांधले, असे त्याचा चरित्रकार शम्स सिराज अफीफ सांगतो. पाहुण्याने एकेका ठिकाणी तीन दिवस राहावे आणि पुढच्या ठिकाणी जावे; म्हणजे ३६० दिवस, सबंध वर्षच, तो सुलतानाचा पाहुणा! हिशेब इतका नेमका आहे की तो एखाद्या लेखनिकाने बसून जुळविला असावा, अशी शंका आम्हां कारकुनांना आल्यावाचून राहत नाही. महिपालपुरात त्याच फिरोजशहाच्या नावावर सांगितला जाणारा एक शिकारमहाल आणि बंधारा आहे. ज्या गल्ल्यांतून आम्ही त्या रात्री अन्न शोधीत हिंडत होतो, तेथे सुलतान शिकारीला येऊन उतरत असे.

शेरशहाची गोष्ट सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. दर दोन कोसांवर एक याप्रमाणे त्याने १७०० सराया बांधल्या, असे अब्बासखान सरवानी लिहितो. आकडा दरबारी आहे, तेव्हा थोडा सढळ हाताने लिहिलेला असावा. परंतु तपशील मात्र डोळ्यांनी पाहिल्यासारखा आहे. हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी निरनिराळी सोय, दारात पाण्याचे रांजण, हिंदूंच्या स्वयंपाकासाठी ब्राह्मण, घोड्यांना दाणा. सतराव्या शतकातील इटालियन प्रवासी मनुची याने सरायीतील रात्र वर्णिली आहे, ती तर वाचावीच. संध्याकाळी सहाला पहारेकरी दार लावतो आणि ओरडून सांगतो की आपापल्या सामानाकडे लक्ष ठेवा, घोडे नीट बांधा, आणि विशेषेकरून कुत्र्यांपासून सावध राहा, कारण हिंदुस्थानातील कुत्री मोठी धूर्त चोर असतात. सकाळी दार उघडण्यापूर्वी तो पुन्हा तीनदा इशारा देतो. विमानतळावर बसल्या बसल्या सामान बेवारशी सोडू नका ही सूचना तासागणिक ऐकताना आम्हांस या पहारेकऱ्याची हटकून आठवण होते. कुत्र्यांचा उल्लेख तेवढा गळला आहे.

शाहजहानची कन्या जहांआरा बेगम हिने चांदणी चौकात बांधलेली सराय सर्वांत देखणी. फ्रेंच वैद्य बर्निए याला ती इतकी आवडली की परक्या माणसाला उतरायला अशा जागा पॅरिसमध्येही हव्या होत्या, असे त्याने लिहून ठेविले. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी ती पाडली आणि त्या जागी नगरभवन उभे राहिले. इतर सराया पडल्या नाहीत, विरघळल्या. युसुफसराय, कटवारियासराय, बेरसराय, कालूसराय, लाडोसराय, नेबसराय, सराय काले खान, सराय रोहिला: दिल्लीत नोकरी केलेल्या वाचकाने यांपैकी एखाद्या ठिकाणी भाड्याने खोली घेतली असेल किंवा तेथून गाडी पकडली असेल. शहराचे दरवाजे रात्री बंद होत. उशिरा पोचलेल्याने बाहेरच थांबावे, ही या वस्त्यांची मूळ कल्पना. शहर वाढले, वेस पुढे सरकली, आणि जेथे प्रवासी एक रात्र काढीत तेथे माणसे जन्म काढू लागली.

पण आमच्या मनात सर्वांत खोल रुतला तो एका साध्या गृहस्थाचा शिलालेख. विमानतळाला ज्या गावाचे नाव प्रथम मिळाले त्या पालम गावी एका पायविहिरीत तो सापडला. शिळा पुढे लाल किल्ल्यातील संग्रहालयात गेली. लेख विक्रम संवत १३३३ चा, म्हणजे इसवी सन १२७६ चा. दिल्लीत तेव्हा गयासुद्दीन बल्बनचे राज्य होते, देवगिरीस रामदेवराव यादवांचे. आणि परंपरेने धरलेला जन्मशक खरा मानला, तर आपले ज्ञानेश्वर त्या वेळी वर्षभराचे होते. लेख संस्कृतात आहे, काही भाग स्थानिक बोलीत. रचणारा पंडित योगीश्वर. आरंभी तो राजवंश सांगतो: हरियाणक देशाची ही भूमी प्रथम तोमरांनी भोगली, मग चाहमानांनी, आणि आता शक राजे भोगतात. शक म्हणजे सुलतान! बल्बनची स्तुती करताना पंडित म्हणतो की हा राजा पृथ्वीचा भार वाहत असल्यामुळे प्रत्यक्ष विष्णू निश्चिंतपणे क्षीरसागरात निजला आहे. बल्बनच्या दराऱ्याची वर्णने ज्यांनी वाचली आहेत त्यांना येथे हसू येईल. तथापि सरकारी अर्जाच्या मायन्यात आपणही काय काय लिहितो, हे आठवून ते आवरावे.

स्तुती संपल्यावर मूळ गोष्ट येते. उद्धर नावाचा एक ठक्कुर. त्याने ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या होत्याच. आता पालंब गावाच्या पूर्वेस आणि कुसुंभपुराच्या पश्चिमेस, थकल्या वाटसरूंचा शीण घालविण्यासाठी, त्याने विहीर बांधली. हा उद्धर मूळचा दिल्लीचा नव्हे. त्याचे घराणे उच्च नगरीचे, म्हणजे मुलतानच्या दक्षिणेस, पंजाबच्या नद्या जेथे एकत्र होतात त्या बाजूचे. तेथून तो दिल्लीस येऊन स्थायिक झाला होता. दिल्लीच्या वेशीवर परक्याला पाणी दिले ते बाहेरून आलेल्या माणसाने. राजाला या लेखात क्षीरसागर मिळाला. विहीर मात्र उद्धराची.

पालमचे नाव पुढे इतिहासात येते ते जरा चेष्टेने. दुसरा शाह आलम हा बादशहा होऊन बारा वर्षे लोटली तरी त्याला राजधानीत पाऊल ठेवता आले नव्हते. जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी त्याला दिल्लीत आणून बसविले. त्याची सत्ता दिल्लीपासून पालमपर्यंतच, अशी फारसी म्हण लोकांनी त्यावर केली. (काही जण ही म्हण पंधराव्या शतकातील सय्यद घराण्याच्या आलमशहाची मानतात.) कोणाचीही असो, पालम म्हणजे दिल्लीची हद्द संपण्याची खूण, हे तीवरून दिसते. पेशव्यांचे वकील हिंगणे त्या आधीपासून दिल्लीत ठाण मांडून होते. आपल्यासारख्या बदलीवाल्यांचे ते मूळ पुरुष म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पालमला लष्करी विमानतळ होता. १९६२ साली सफदरजंगची प्रवासी वाहतूक तेथे आली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास विमानतळाजवळ सरकारी मालकीचे सेंटॉर हॉटेल उघडले. १९८६ मध्ये विमानतळाला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, २०१० मध्ये तिसरे टर्मिनल झाले, २०११ मध्ये मेट्रोची विमानतळ मार्गिका, आणि २०१३ पासून एरोसिटीतील हॉटेले एकामागून एक उघडू लागली. महिपालपूर हे गाव यांतून सुटले कसे असते? हमरस्त्यालगतच्या या गावाने घरांवर मजले चढविले, मजल्यांवर खोल्या काढल्या. कोणी आज्ञा केली नाही, कोणी दान दिले नाही. सराय आपोआप झाली.

आता भटियारिणीचे. त्या रात्री गल्ल्यावरच्या तरुणाने हात वर केल्यावर आम्ही मफलर गुंडाळून बाहेर पडलो. दोन ठिकाणी मांसाहारी शेगड्या पेटल्या होत्या; आईने तेथील घास घेतला नसता. तिसऱ्या ठिकाणी, एका बोळाच्या तोंडाशी, तंदूर तापलेला आणि बाहेर ट्रकवाल्यांच्या बाजा. आम्ही विचारले, कांदा-लसूण न घातलेले काही मिळेल का? गल्ल्यावर साठीचे सरदारजी बसले होते. त्यांनी कोणासाठी म्हणून विचारले. आईचा उपास आहे आणि चंद्र दिसला नाही, एवढे ऐकताच ते उठून आत गेले. गढवाली आचाऱ्याने धुतलेल्या पातेल्यात वेगळी मुगाची डाळ चढविली, जिऱ्याची फोडणी दिली. तोवर सरदारजी बोलत राहिले. त्यांचे आजोबा १९४७ साली मुलतानहून निघाले, दिल्लीच्या छावणीत राहिले, आणि पहिला धंदा केला तो तंदूर मांडून शेजाऱ्यांच्या रोट्या भाजून देण्याचा. पंजाबात गल्लीचा एक सामाईक तंदूर असे; बायका घरून कणीक भिजवून आणीत. फाळणीने तो तंदूर दिल्लीत आणला, आणि आज दिल्लीचे जेवण म्हणून जे जगभर ओळखले जाते त्यातले बरेचसे या निर्वासितांच्या चुलीवरचे आहे.

मुलतानचे नाव आम्ही त्या वेळी नुसते ऐकून घेतले. उद्धराचा लेख पुढे काही महिन्यांनी वाचनात आला, तेव्हा पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. सातशे वर्षांच्या अंतराने, एकाच मुलखातून आलेले दोघे, एकाच वेशीवर.

जेवण डब्यात घेऊन आम्ही परतलो. आईने पाने नसल्यामुळे वर्तमानपत्रावर ताट मांडले, गणपतीचे नाव घेतले आणि डाळ-रोटी सावकाश खाल्ली. सकाळी निघताना तिने हट्टाने रिक्षा त्या बोळाशी थांबवावयास लावली. धुके अजून होतेच. सरदारजींच्या हातात तिने तिळगुळाचा डबा सबंध दिला. नातवंडांचे नाव आम्ही काढले, तर डोळ्यांनीच आम्हांस गप्प केले. त्यांनी लाडू एका थाळीत काढून घेतले, डबा पुसला, आत जाऊन त्यात गुळाचे चार खडे टाकले आणि म्हणाले, "माताजी, खाली डब्बा नहीं लौटाते."