मॅजेस्टिकचे नाव

महाड-पोलादपूरच्या मुसलमान घरांतली माणसे पिढ्यान् पिढ्या कामधंद्यासाठी मुंबईला गेली. त्यांच्या मुंबईच्या गप्पांत सिनेमाची थिएटरे हटकून येतात. त्यांतली कितीतरी आज नाहीत. गिरगावातले मॅजेस्टिकही नाही.

१४ मार्च १९३१ रोजी तिथे अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. हिंदुस्थानचा हा पहिला बोलपट. कथा पारशी रंगभूमीवरच्या नाटकाची, त्यामुळे पडदा प्रथम बोलला तो उर्दूच्या वळणाची हिंदुस्थानी. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. पहिले गाणे फकिराच्या वेषात वझीर मोहम्मद खान यांनी गायले. नायक मात्र मराठी, मूकपटांत गाजलेले मास्टर विठ्ठल. उर्दू संवाद जमेनात म्हणून त्यांना फारसे बोलूच दिले नाही, असे सांगतात. (उर्दू शिकवणाऱ्याला याचे हसू येते आणि वाईटही वाटते.)

आज ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. थिएटर पाडले गेले, त्या जागी दुकाने आली. पण थिएटरलगत केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचे दुकान काढले होते. नाव शेजारचेच घेतले, मॅजेस्टिक बुक स्टॉल. त्यातूनच पुढे मॅजेस्टिक प्रकाशन उभे राहिले. त्या नावाची मराठी पुस्तके आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात, उर्दू पुस्तकांना लागून उभी आहेत.