हाडांनी आधी सांगितले

मुलाला घरातच मारहाण होते, हे मान्य करायला वैद्यकाने फार उशीर लावला. पॅरिसच्या तार्द्यू यांनी १८६० मध्ये अशी प्रकरणे छापली, पण ती फारशी कुणी मनावर घेतली नाहीत. १९४६ मध्ये अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांना सहा तान्ह्या बाळांच्या डोक्यात रक्तस्राव आणि हातापायांची हाडे मोडलेली आढळली. कशाने मोडली, हे मात्र कुणी सांगेना. १९६२ मध्ये हेन्री केम्प व सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांतून अशा ३०२ मुलांची नोंद मिळवली. त्यांतली ३३ दगावली होती. मग पाचसहा वर्षांत अमेरिकेतल्या जवळपास सर्व राज्यांत अशा घटना कळवण्याचे कायदे झाले.

आम्ही विज्ञानवाले खुणा शोधतो. लैंगिक अत्याचाराची खूण मात्र बहुधा शरीरावर नसतेच. तिथे मुलाचे बोलणे हाच मुख्य पुरावा, आणि उपचारही त्यातूनच. कोहेन, मॅनारिनो व डेब्लिंगर यांनी १९९० च्या दशकात तपासलेल्या पद्धतीत मूल आधी भीती आवरायला शिकते, मग घडलेले थोडेथोडे सांगते. सुरक्षित जागी आठवण निघाली आणि वाईट काही झाले नाही, की तिला चिकटलेली भीती ओसरू लागते. निर्दोष पालकालाही सोबत शिकवतात. आम्हाला हा भाग अधिक मोलाचा वाटतो.

आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचार कळवणे शिक्षकांसह सर्वांना बंधनकारक आहे. १०९८ वर फोन करता येतो. वर्गात उलटतपासणी मात्र नको. मुलाला सांगू द्यावे, त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे, पुढचे प्रश्न तज्ज्ञांवर सोडावेत.