कुणब्याचे कर्ज आणि त्याचे वय

इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजारात कुणब्यांच्या जमावाने सावकारांच्या दुकानांवर जो हल्ला केला, त्यात लूट झाली खरी. परंतु दंग्याचे लोण आसपासच्या व नगर जिल्ह्यातील गावी पसरले तेव्हा जमावाची मागणी रोखे, गहाणखते व हुकूमनामे यांचीच होती, आणि जेथे सावकाराने ही कागदपत्रे मुकाट्याने स्वाधीन केली तेथे बहुधा त्याच्या अंगास धक्काही लागला नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी कागदालाच शत्रू मानावे, यात नवल नाही.

हा कागद इतका मातला तो पुष्कळसा कायद्यामुळेच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली; हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता, पण मुदत सरत आली की सावकार फिर्यादीचे भय घालून नवा रोखा लिहवून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात जमा होई. समजा, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने पन्नास रुपये काढले, तर पहिल्या रोख्याअखेर त्यांचे ८६ होतात, दुसऱ्याअखेर १४८, आणि नववे वर्ष सरताना अडीचशेंच्या वर. मध्यंतरी कुणब्याच्या हाती नवा पैसाही पडलेला नसतो, त्याने केवळ कागदावर नांगराची निशाणी तेवढी केलेली असते.

दंग्यांच्या चौकशीस नेमलेल्या कमिशनने नगर तालुक्यातील बारा गावांची जी तपासणी केली, तीत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले आढळले आणि त्यांचे कर्ज त्यांच्या साऱ्याच्या सुमारे अठरा पट भरले. याच कमिशनने आणखी एक गोष्ट नमूद केली, तिच्याकडे आमच्या शहरवासी सुशिक्षितांनी फारसे लक्ष दिले नाही, कारण ती त्यांच्या आवडत्या समजुतीस छेद देणारी होती: लग्नकार्यातील उधळपट्टी हे कुणब्याच्या कर्जाचे मूळ नसून, पोटापुरते धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी हप्ता अशा नित्याच्या किरकोळ उचलींतूनच ते साचत जाते. लग्नाचा खर्च एकदाच होतो आणि चारचौघांच्या डोळ्यांवर येतो. खाती तोंडे वाढतात ती मात्र कोणाच्या वहीत टिपली जात नाहीत.

बापाचे ऋण मुलाने फेडावे हा धर्मशास्त्राचा दंडक. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी वारशाने आलेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली; तथापि नुकत्याच कर्त्या झालेल्या मुलाने पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या गरजेपोटी नव्या रोख्यावर निशाणी केली, की बापाचे कर्ज त्याचे स्वतःचे होऊन बसे. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्याच्या आकड्यावर न विसंबता व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. हा खरोखर मोठा सुधार होय, जरी सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहवून घेऊन त्यातून वाट काढली.

कर्जाचा आरंभ शोधायचा हे ठरले. परंतु तो ऋणकोच्या आयुष्यात कोठे पडतो हा प्रश्न विलायतेत विचारला गेला. यॉर्क शहरातील चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातील सीबोम राऊंट्री याने १८९९ मध्ये तेथील ११,५६० मजूर कुटुंबांची घरोघर चौकशी करविली, आणि १९०१ च्या ग्रंथात दाखविले की मजुराचे दारिद्र्य आयुष्यभर एकसारखे नसते: बालपणी ते असते, कमाई सुरू झाली की ओसरते, स्वतःची मुले लहान असताना परतते, ती कमावती झाली की पुन्हा हटते, आणि म्हातारपणी कायमचे घरात येते. शहरातील शेकडा २८ लोक त्या वेळी दारिद्र्यात आढळले. पण आयुष्यात कधी ना कधी ते भोगलेल्यांची संख्या अर्थातच याहून किती तरी मोठी.

त्याच यॉर्कमध्ये जन्मलेले डॉ. हॅरल्ड मान पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. राऊंट्रीच्या धर्तीवर इंग्लंडातील एका खेड्याची पाहणी त्यांनी आधीच केली होती; पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागरची त्यांची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १७७१ साली तेथे सरासरी धारणा चाळीस एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत सातावर आली होती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झालेले, त्यांतील ४६३ एकराहूनही लहान. १०३ कुटुंबांपैकी केवळ आठांचे पोट शेतीवर भरे, अठ्ठावीस बाहेरच्या मजुरीच्या जोडीने तगत, आणि सदुसष्टांचा मेळ बसतच नसे. शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ मध्ये आली. तेथील कोरडवाहू जमिनीवर परिस्थिती याहूनही बिकट.

मानसाहेबांचे परिश्रम निःसंशय मोलाचे. पण हा एका वर्षाचा ताळेबंद आहे. त्या सदुसष्टांपैकी किती घरे लेकुरवाळी होती, किती म्हाताऱ्यांची आणि किती मुले हाताशी येण्याची वाट पाहणारी, हे अशा ताळेबंदातून उमगत नाही. आणि उमगले असते तर तगाई कोणास, केव्हा व किती मुदतीने द्यावी याचा विचार सरकारला निराळ्या रीतीने करावा लागला असता. ज्यांच्या माळ्यावर आजा-पणजांचे रोखे व गहाणखते अद्याप पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी घरातील जन्म, लग्ने, वाटण्या आणि मृत्यू यांची साले त्यांच्या तारखांशेजारी एकदा मांडून पाहावीत.