नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ ह्या दोहोंत केवळ एका मात्रेचा फरक आहे. पहिले काम बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी उरकते. दुसरे मात्र कित्येकांच्या वाट्याला जन्मभर येते.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी देवी, पटकी अशा रोगांनी घरोघर मुले दगावत. लागोपाठ दोन-तीन मुले गेली, की पुढच्याचे नाव मुद्दाम दगडू, धोंडू, केरू किंवा भिकू ठेवीत. कोठे मुलग्याचे नाक टोचून त्यात नथ घालीत व त्याला नथू म्हणत. हे मूल कोणाला नकोच आहे, असे मृत्यूला वाटावे आणि त्याने ते सोडून द्यावे, ही त्यामागची भाबडी समजूत. नाव ओबडधोबड असले तरी त्यात आईचा जीव गुंतलेला असे. धोंडो हे नाव असून महर्षी कर्व्यांचे काही अडले नाही. १९५८ साली ते ‘भारतरत्न’ झाले.

परंतु त्याच कर्व्यांच्या काळी विधवेला ‘बोडकी’, ‘पांढऱ्या पायाची’ असे शब्द सर्रास ऐकावे लागत. तेथे सोंग नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले. तेथे शिकलेल्या गोदूबाई ह्या बालविधवेशी कर्व्यांनी १८९३ मध्ये विवाह केला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पण मुरूडच्या गावकऱ्यांनी दांपत्यावर बहिष्कार घातला. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी आश्रम काढला. तेथून स्त्रिया शिकून बाहेर पडू लागल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, तसतसे ते जुने शब्द मागे पडू लागले. कोशातून शब्द काढून टाकल्याने हे घडले नसते.

तरीही मुलीच्या बाबतीत एक नाव मागे उरलेच. मुलग्याची वाट पाहणाऱ्या घरी पुन्हा मुलगी झाली, की तिला ‘नकोशी’ वा ‘नकुसा’ म्हणत. दगडूची आई ‘नको’ म्हणण्याचे सोंग करी. नकोशीच्या घरी ते खरेच असे. शाळेच्या हजेरीपटावरही तेच नाव, म्हणजे रोज सकाळी साऱ्या वर्गासमक्ष त्याचा उच्चार! ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. समारंभ गोड झाला. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नाव बदलले तरी मन बदलायचे राहिलेच होते.

आणि आपण? काळी, बुटकी, चकणी ही विशेषणे आपण अजूनही ‘लाडाने’ म्हणतो. लहानपणी आमच्या आळीत बोलताना अडखळणारी एक मुलगी होती. आम्ही सगळ्या तिला ‘तोतरी’ म्हणत असू. मीही त्यांत होते. हळूहळू तिने आमच्यात बोलणेच सोडले आणि आम्हांला त्याचे काही वाटले नाही. पुष्कळ वर्षांनी एका हळदीकुंकवाला ती भेटली. मी ओळख दिली, तेव्हा ती हसून म्हणाली, “तोतरीला ओळखलंस वाटतं!” माझ्या हातातले अत्तरदाणीचे तबक क्षणभर तसेच राहिले. मी तिची क्षमा मागितली; पण ती मागायला मला तीस वर्षे उशीर झाला होता.

‘आम्ही गमतीने म्हणतो’ असे म्हणणारा आपल्यापुरते खरे सांगत असेल. पण ऐकणाऱ्या मुलाला ते सोंग आहे हे कळत नाही. वर्धापनदिनी आपण पुष्कळ संकल्प सोडतो. त्यात एवढी एक लहानशी भर घालावी: आपल्या आळीतील प्रत्येक मुलाला त्याच्या बारशातल्या नावानेच हाक मारायची, आणि ते नावच त्याला बोचत असेल, तर त्याला आवडेल त्या नावाने.