खरेदीची तारीख, नियमाची तारीख

अमेरिकेत फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती कागदांचा जाडजूड गठ्ठा पडतो. त्यात इमारतीचे घोषणापत्र असते, उपविधी असतात आणि वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्याही. घोषणापत्रावर आणि त्याच्या दुरुस्त्यांवर काउंटीच्या नोंदणी कार्यालयाचा शिक्का आणि तारीख असते. बहुतेक जण हा गठ्ठा कपाटात ठेवून देतात. पुढे नोकरी दुसऱ्या गावी लागते किंवा आईवडिलांसाठी भारतात परतावे लागते. फ्लॅट भाड्याने द्यायची वेळ आली, की तो गठ्ठा पुन्हा बाहेर निघतो. हे पुस्तक तो कसा वाचावा याविषयी आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. सोसायटीतला फ्लॅट भाड्याने दिला, तर सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के बिनभोगवटा शुल्क द्यावे लागते, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. अमेरिकेतल्या काँडोमिनियममध्ये, म्हणजे तिथल्या अशा फ्लॅटच्या इमारतीत, मात्र शुल्काच्या आधी परवानगीचा प्रश्न येतो. तिथली नोंदवलेली बंधने मिळकतीला चिकटलेली असतात आणि पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला लागू होतात.

ही बंधने किती ताणता येतात? १९४८मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक मर्यादा आखली. सेंट लुइसमधल्या त्या करारात कृष्णवर्णीयांना आणि ‘मंगोल वंशा’च्या लोकांना घरात राहायला मज्जाव होता; असा करार न्यायालये अमलात आणणार नाहीत, असा निकाल लागला. कॅलिफोर्नियात मांजरे पाळायला बंदी असलेल्या एका संकुलात तीन मांजरांवरून वाद झाला. मूळ घोषणापत्रातले बंधन अवाजवी ठरत नसेल, तर ते पाळलेच पाहिजे, असे १९९४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

पण बंधन खरेदीनंतर आले तर? माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. फ्लोरिडात वुडसाइड व्हिलेज या संकुलाने घोषणापत्रात दुरुस्ती केली: बारा महिन्यांत नऊ महिन्यांहून अधिक काळ फ्लॅट भाड्याने देता येणार नाही. आधीच फ्लॅट घेतलेल्या मालकांनी न्यायालयात तिला विरोध केला. घोषणापत्र बदलू शकते हे मान्य करूनच तुम्ही घर घेतलेत, असे सांगत २००२मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दोनच वर्षांत विधिमंडळाने कायदा बदलला. आता तिथे भाड्यावर निर्बंध घालणारी दुरुस्ती फक्त तिला संमती देणाऱ्यांना आणि ती झाल्यावर फ्लॅट घेणाऱ्यांना लागू होते. कॅलिफोर्निया त्याही पुढे गेला. २०२१पासून तिथल्या फ्लॅटमालकांच्या संघाला भाड्याच्या घरांवर २५ टक्क्यांहून कमी मर्यादा घालता येत नाही. तीस दिवस किंवा त्याहून कमी मुदतीचे भाडे मात्र रोखता येते. स्पेनमध्ये वाटचाल वेगळ्या दिशेने झाली: ३ एप्रिल २०२५पासून पर्यटकांना घर द्यायचे, तर शेजाऱ्यांच्या तीन पंचमांश बहुमताची आगाऊ मंजुरी लागते.

वाचकाने संघाला खलनायक ठरवण्याची घाई करू नये, ही माझी विनंती. ज्या इमारतीत दर आठवड्याला नवी माणसे सामान ओढत जिन्यावरून जातात, तिथे कायम राहणाऱ्याची झोप उडते. शिवाय किती फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतात, हे गृहकर्ज देणाऱ्या संस्थाही पाहतात. भाडेकरू वाढले, तर शेजाऱ्याला आपला फ्लॅट विकणेही अवघड जाऊ शकते. मालकाची अडचण आणि शेजाऱ्याची अडचण, दोन्ही खऱ्या आहेत. कायद्याचे काम त्यांच्यात न्याय्य सीमा आखण्याचे आहे, आणि प्रत्येक राज्य ती आपापल्या अनुभवातून आखत आले आहे.

तेव्हा वाचकहो, पुढचे पान उलटण्याआधी आपला गठ्ठा कपाटातून काढा. खरेदीखतावरची तारीख एका कागदावर लिहा, भाड्याविषयीच्या प्रत्येक दुरुस्तीची तारीख तिच्याखाली लिहा, आणि तो कागद खुणेसाठी या पुस्तकात ठेवा. पुढचे प्रत्येक प्रकरण त्या दोन तारखांमधल्या अंतराविषयी बोलते.