धरण, धारा, धारक

इटियाडोह या नावातला ‘डोह’ फार जुना आहे. खोल पाण्याच्या जागेला संस्कृतात ‘ह्रद’ म्हणत. प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी त्यातल्या ‘ह’ आणि ‘द’ यांनी जागा बदलल्या आणि ‘द्रह’ झालं, पुढे ‘दह’. हिंदीतल्या कालियादहात तो दह अजून तसाच आहे. मराठीत त्याचा डोह झाला. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, वैनगंगेला मिळणाऱ्या गाढवी नदीवर धरण बांधलं गेलं, पण त्याला नाव लागलं ते डोहाचंच.

‘धरण’ हा शब्द त्या मानाने सरळ आहे. ‘धृ’ म्हणजे धरणं, सांभाळून ठेवणं. या एका धातूतून धर्म आला, धारणा आली, धरणी आली आणि पाणी धरून ठेवणारं धरणही आलं. याच धातूचा आणखी एक वंशज इलेक्ट्रॉनिक्स शिकायला बसलेल्या मुलाच्या हातात अगदी सुरुवातीलाच येतो: दोन पायांचा, विद्युतभार साठवणारा धारक. धरण आणि धारक ही एकाच घरची भावंडं आहेत, हे त्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण इथे नात्यातच काम दडलेलं आहे. पाऊस चार महिने, तोही लहरीप्रमाणे पडतो. धरण तो धरून ठेवतं आणि उन्हाळी धानाला नहरेतून बेताबेताने सोडतं. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला पन्नास आवर्तनं या हिशेबाने उलटसुलट होत असते. चार डायोड जोडून ती एका दिशेला वळवली, की सेकंदाला शंभर उसळ्या मिळतात. या उसळ्यांवर रेडिओ चालवला तर आवाजाबरोबर घरघर ऐकू येते. मध्ये मोठा धारक टाकला, की तो उसळीच्या वेळी भरतो, खाचेच्या वेळी रिता होतो आणि रेडिओला जवळजवळ सपाट पुरवठा मिळतो.

आता ‘धारा’ घ्या. विद्युतधारेतली धारा आणि धारकातला ‘धार’ दिसायला सारखे, म्हणून कुणालाही वाटेल की तीही याच घरातली. ती नाही. धारा आली ‘धाव्’पासून, धावणं-वाहणं या अर्थाच्या धातूतून. धार काढतो ती दुधाची, पावसाच्या धारा, तोंडातून निघणारी वाग्धारा, सगळ्या धावणाऱ्या. म्हणजे धारा धावते आणि धारक धरतो. इंग्रजीतला ‘करंट’ही लॅटिनमधल्या धावण्याच्या क्रियापदावरूनच आलेला आहे. त्यामुळे ‘करंट लागला’ म्हणणारा आणि ‘विद्युतधारा’ लिहिणारा, दोघेही एकच गोष्ट बोलतात.

धारक हा शब्द पुस्तकातला. पंखा नुसताच हुंकार देतो आणि फिरत नाही, तेव्हा गावातला मिस्त्री म्हणतो, “कंडेन्सर गेला.” पंख्याच्या वाटीत असतो तो बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा. कंडेन्सर हा शब्द अडाणी आहे, खरा शब्द कपॅसिटर, असं शिकलेली माणसं त्याला सुनावतात. ते मला पटत नाही. आलेस्सांद्रो व्होल्टाने १७८२ साली आपल्या उपकरणाला ‘कोन्देन्सातोरे’ हेच नाव दिलं होतं. वीज त्यात दाटून राहते, अशी त्याची कल्पना होती. पुढे विसाव्या शतकात इंग्रजी पुस्तकांनी शब्द बदलला, मिस्त्रीने बदलला नाही. ज्याच्या नावावरून आपण व्होल्ट म्हणतो त्या माणसाचा शब्द मिस्त्रीच्या तोंडी आहे, आणि तो तिथे राहिलेला चांगला.

रोधाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ‘रुध्’ म्हणजे अडवणं. विरोध, अवरोध, निरोध हे सगळे त्याचेच. पण संस्कृतात ‘रोधस्’ म्हणजे नदीचा काठ किंवा बांध, आणि नदीला ‘रोधस्वती’ असंही एक नाव आहे, काठ असलेली. म्हणजे रोध ही नुसती अडचण नव्हे; पाण्याला वळण आणि मर्यादा देते ती वस्तू. झाडीपट्टीत धानाच्या शेताला बांधी म्हणतात ते याच समजुतीतून. बांध नसेल तर पाणी ठरत नाही आणि पाणी ठरलं नाही तर धान नाही. एलईडीला बॅटरी थेट जोडली तर ती क्षणात जळू शकते. मध्ये रोधक घातला, की धारा तिला झेपेल एवढीच राहते.

दाब या शब्दाचं मात्र आपण विनाकारण नुकसान केलं आहे. शाळेच्या पुस्तकात मुलगा विजेच्या दाबाऐवजी ‘विभवांतर’ वाचतो. विभव म्हणजे सामर्थ्य, ऐश्वर्य. ‘वैभव’ त्याचंच पोर. शास्त्रीय दृष्टीने शब्द बरोबर आहे आणि वरच्या वर्गात तो लागतोही. पण नवशिक्याला त्यातून काहीच दिसत नाही, तो फक्त पाठ होतो. उलट महावितरण ‘उच्चदाब’ आणि ‘लघुदाब’ ग्राहक म्हणते, आणि त्या शब्दात सगळं दिसतं. धरणाच्या गेटवरचा दाब मागे किती कोस पाणी पसरलंय यावर ठरत नाही. गेटपाशी पाण्याची उंची किती यावर ठरतो. नऊ व्होल्टची चपटी बॅटरी आणि दीड व्होल्टचा जाडा सेल यांतला फरक असाच आहे: दाब एकीचा जास्त, साठा दुसऱ्याचा. दाबाने सुरुवात करून विभवांतरावर जावं, उलट जाऊ नये.

पाण्याची ही वाट एका जागी संपते, आणि ती कुठे संपते हेही शिकणाऱ्याला स्पष्ट सांगितलं पाहिजे. नहर फुटली तर पाणी शेतात पसरतं. तार तुटली तर वीज सांडत नाही, थांबते. नहरेला पाणी सोडलं तर टेलच्या शेतकऱ्याला वाट पाहावी लागते. तारेत इलेक्ट्रॉन आधीच भरलेले असतात, स्वतः ते सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत, पण बटण दाबताच सगळीकडचे एकदम हलू लागतात. आणि गाढवीचं पाणी वैनगंगेला गेलं की गेलं, विजेला मात्र फिरून निघाल्या जागी यावं लागतं. म्हणून ‘परिपथ’. त्यातलं ‘परि’ म्हणजे भोवती, सभोवार. प्रदक्षिणेला ‘परिक्रमा’ म्हणतो तेच. सर्किटमधल्या लॅटिन शब्दाचा अर्थही फिरून येणं हाच. नवशिक्याचे निम्मे दिवे पेटत नाहीत ते परतीची तार विसरल्यामुळे.

आणि ही धारा जिच्यातून निघते ती बॅटरी? तिचं इंग्रजी नाव तोफखान्यातलं आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ मध्ये काचेची अकरा तावदानं ओळीने जोडली आणि त्या रांगेला ओळीने मांडलेल्या तोफांचं नाव दिलं. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत तिचं नाव आहे ‘विद्युत घटमाला’. घटमाला म्हणजे रहाटाला बांधलेली गाडग्यांची माळ, एक भरून वर येतं, दुसरं रितं होऊन खाली जातं. विहिरीवरचा हा शब्द विजेला कशाला, असं कुणी विचारील. व्होल्टाने २० मार्च १८०० च्या पत्रात आपला शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला, त्यात धातूच्या चकत्यांच्या चळतीबरोबर आणखी एक मांडणी होती: खारट पाण्याचे पेले ओळीने मांडायचे आणि धातूच्या पट्ट्यांनी एकाला दुसरा जोडायचा. तिला त्याने पेल्यांचा मुकुट म्हटलं. मराठी शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, कोण जाणे. पण व्होल्टाच्या टेबलावर जे होतं त्याच्याशी तोफांपेक्षा घटांची माळच जास्त जुळते.

बोलण्यात बॅटरीच चालणार, आणि चालावी. खेड्यात तर रात्री हातात धरायच्या टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात.

रोधकावरचे रंग तेवढे सांगायचे राहिले. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा, पांढरा: शून्य ते नऊ. ही ओळ मुलं इंग्रजी वाक्य घोकून लक्षात ठेवतात. मराठीत त्या वाक्याची गरज नाही, कारण यातले कितीतरी रंग वस्तूंच्या नावांवरून आले आहेत. तपकिरी आला चिमटीतल्या तपकिरीवरून, नारिंगी फळावरून, जांभळा जांभळावरून. पहिले दोन पट्टे आकडे देतात, तिसरा पुढची शून्यं मोजतो, चौथा असेल तर अचूकता किती ते सांगतो. तपकिरी, काळा, लाल असेल तर एक, शून्य आणि पुढे दोन शून्यं. १००० ओहम. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावायची असेल तर हाच रोधक घ्यावा. तिच्यातून सात मिलिअँपिअरच्या आसपास धारा जाते आणि ती सुखाने उजळत राहते.